एकोणतीसच्या घरातली माणसं

१

चार महिन्यांत त्या खोलीत दोनशे बारा माणसं मोजली गेली, आणि त्यांत एकोणतीसच्या घरातलं एकही नव्हतं.

"अठ्ठावीसच्या घरात एकोणीस जण," इस्पितळाचे अधीक्षक वाचत होते. "एकतीसच्या घरात सतरा. तिसाच्या घरात मात्र सदतीस. आणि एकोणतीस ते एकोणतीस पूर्णांक नऊ?" त्यांनी कागद टेबलावरून पलीकडे सरकवला. "भोपळा."

पलीकडे वजनमाप खात्याचा निरीक्षक बसला होता. पायाशी त्याची लाकडी पेटी होती. पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये पितळी वजनं आणि एक पोलादी पट्टी. एकतीस वर्षं त्या पेटीनं पेट्रोलपंपवाल्यांची, सराफांची आणि कोळसावाल्यांची झोप उडवली होती. इस्पितळात ती पहिल्यांदाच आली होती.

"हे आकडे कसले?" त्यानं विचारलं.

"बीएमआय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीनंच भागायचं. तीस किंवा वर आला, तर वजन उतरवायचं इंजेक्शन योजनेतून मिळतं. आठवड्याला एक. तिसाच्या खाली असाल तर सत्तावीस तरी हवा आणि सोबत यादीतला एखादा आजार हवा. साखर, रक्तदाब किंवा झोपेत श्वास अडकणं. त्या आजारवाल्यांची वही वेगळी आहे, आणि तिच्यात एकोणतीसची माणसं रांगेनं बसली आहेत. या वहीत ज्यांना यादीतला आजार नाही ते. या वहीत एकोणतीस म्हणजे घरी जा."

"आणि घरी कुणीच गेलेलं नाही."

"अगदी बरोबर. योजनेच्या समितीचं पत्र आलंय. कुणीतरी माणसं उचलून ओळीपलीकडे ठेवतंय, साधारण अठरा जण. इंजेक्शनं मोजकी येतात हो. बाहेर बाकावर एक बेकरीवाला बसलाय, पाहिलात? एक्केचाळीस आहे त्याचा. दोन महिने नंबर लागत नाही. त्याच्या पुढे कोण घुसलं, हे त्याला मी काय सांगू?"

निरीक्षकानं सदतीस जणांची यादी हातात घेतली. खाली उतरत गेलेलं त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. वय एकसष्ट, वजन एकाहत्तर किलो, उंची एकशे त्रेपन्न पूर्णांक सहा, बीएमआय तीस पूर्णांक एक.

"साहेब, हे काम दुसऱ्या कुणाला द्या," तो म्हणाला. "ही माझी सख्खी थोरली बहीण आहे."

अधीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "दुसरा कोण आहे तुमच्या खात्यात?"

"कोणी नाही."

"मग झालं तर. उलट तुम्ही जास्तच नीट मोजाल."

२

वजनाच्या विभागात माप घेणारी सिस्टर पंचवीस वर्षांची नोकरी झालेली, कडक इस्त्रीची बाई होती. निरीक्षकानं पेटी उघडताच तिनं कमरेवर हात ठेवले.

"माझा काटा खोटा निघाला, तर मी आजच राजीनामा देईन."

"काटा तुमचा नाही, सरकारचा आहे," तो म्हणाला. "राजीनामा सरकारला देऊ द्या."

ती हसली नाही. त्यानं काट्यावर पाच किलोचं वजन ठेवलं. पाच. मग दहा, वीस, चाळीस, ऐंशी. चारही कोपऱ्यांवर वजनं फिरवून पाहिली. काटा गुंजभरही चुकला नाही. भिंतीवरच्या उंचीच्या दांड्याला त्यानं पोलादी पट्टी लावली. खाली फरशी समपातळीत होती, दांडा ओळंब्यात होता, डोक्यावर टेकवायची सरकती फळी काटकोनात होती. शंभरला शंभर, दीडशेला दीडशे.

त्याला मनातून वाटत होतं, दांडा खोटा निघावा. यंत्र चुकलं असतं तर दोष कुणाचाच नसता. एक शिक्का, एक दुरुस्ती, आणि झाल्या गेल्या मापांवर पांघरूण.

"बूट काढायला लावता?"

"बूट, पट्टे, किल्ल्या, मोबाईल. बायकांना अंबाडा सोडायला लावते. परवा एकजण खिशात दोन किलोचं लोखंड घालून आला होता. म्हटलं, बाबा, हे तुझ्या पोटातलं की पँटीतलं?"

"उंची घेताना?"

"टाचा भिंतीला, नजर समोर. कुणी वाकून उभं राहिलं की मी हनुवटी धरते. तुम्ही उभे राहा, दाखवते."

त्यानं ते नको म्हणून सांगितलं आणि वही मागितली. अठ्ठावीस वर्षांचा तरुण असो की सत्तरीचा म्हातारा, प्रत्येक ओळ सिस्टरच्याच टपोऱ्या अक्षरात होती. खाडाखोड नाही, गिरवलेला आकडा नाही, फाडलेलं पान नाही. त्यानं तीस ओळींचे भागाकार स्वतः करून पाहिले. सगळे बरोबर.

काटा खरा, दांडा खरा, हात खरा, गणित खरं. आणि तरीही अठरा माणसं गायब.

पेटी बंद करताना त्याची नजर वहीच्या पहिल्या रकान्यावर गेली.

"हे काय लिहिलंय?"

"वेळ," सिस्टर म्हणाली. "वॉर्डात होते ना पूर्वी. ताप घेतला की वेळ लिहायची, ती सवय. कुणी बघत नाही तो रकाना. का हो?"

"काही नाही. सहज," निरीक्षक म्हणाला. त्याच्या मनात तेव्हा खरंच काही नव्हतं. तो एक प्रश्न त्यानं विचारायला नको होता, हे त्याला पुढे कळणार होतं.

३

"बारक्या, तो चहाचा डबा काढून दे रे वरचा."

निरीक्षक सत्तावन्न वर्षांचा होता आणि त्याचे केस पांढरे झाले होते. तरी घरी तो बारक्याच होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि आक्का दहाची. तिनं त्याला वाढवलं. पुढे चाळीस वर्षं लाँड्रीत उभ्यानं इस्त्री केली. लग्न दोघांपैकी तिचंच झालं, तेही फार टिकलं नाही. आता दोघं दोन खोल्यांत राहत होती.

त्यानं हात वर करून डबा काढला. "सकाळी तुझी तू काढतेस की. संध्याकाळी मी दिसलो की हात आखडतो तुझा."

"सकाळी पोचतो हात, संध्याकाळी बोटभर कमी पडतो. दमते मी. तुला काय, सरकारी खुर्ची."

चार महिन्यांपूर्वी ही बाई स्वयंपाकघरापर्यंतही भिंत धरून येत असे. दोन्ही गुडघे गेले होते. हाडांचे डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करू, पण आधी दहा किलो उतरवा, नाहीतर नवे सांधे टिकायचे नाहीत. पण ज्याला चालताच येत नाही त्यानं वजन उतरवायचं कसं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. इंजेक्शन सुरू झालं आणि सोळा आठवड्यांत साडेसहा किलो उतरले. राहिले साडेतीन. शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या महिन्यात मिळायची होती.

"आक्का, तू पहिल्यांदा गेलीस तेव्हा काय काय झालं ते सांग."

"चौकशी चालवलीस होय माझी?"

"सांग तर."

"सकाळी साध्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मोजून चिठ्ठी दिली, वजनाच्या विभागात जा म्हणाले. तिथल्या खिडकीवर तो टोकनवाला आहे बघ, वाळका, मफलरवाला. त्यानं चिठ्ठी वाचली, कागदाच्या कोपऱ्यावर काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाला, मावशी, तुम्ही गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला या. सकाळी गर्दी असते. जेवून या, पाणी भरपूर प्या. लवकर येऊन रांगेत उभ्याच राहा, बसलात तर नंबर जाईल."

"उभ्याच राहा म्हणाला? तुझे गुडघे बघून?"

"हो ना! मी म्हटलं, मेल्या, तुला आई आहे की नाही. तर हात जोडून म्हणाला, मावशी, तेवढा एक दिवस ऐका. आणि माणूस बघ कसा, गुरुवारी स्वतः बाहेर येऊन माझ्या शेजारी तासभर उभा राहिला."

"मग?"

"मग सिस्टरनं मोजलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, साखर आहे? म्हटलं नाही. रक्तदाब? नाही. झोपेत श्वास अडकतो? म्हटलं, बाई, झोपच लागत नाही, अडकणार कुठून. तर त्या इतक्या हळहळल्या! मला साखर नाही म्हणून वाईट वाटलेली डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिली. गुडघे म्हणे यादीत नाहीत. पण मग आकडा बघून म्हणाल्या, तीस एक आहे, सुटलात."

आक्का स्वतःशीच हसली. मग तिनं ओट्याला हात न लावता दोन पावलं टाकून दाखवली.

"बघ. तारीख मिळाली की पुढच्या वर्षी जिना चढेन. गच्चीवर कपडे वाळत घालेन. पाच वर्षं गच्ची पाहिली नाही मी."

निरीक्षकानं चहाचा डबा हातात तसाच धरून ठेवला होता.

४

डॉक्टरीणबाई तरुण आणि थकलेल्या होत्या. तपासणीच्या टेबलावर कागदांची चळत होती आणि त्यावर अर्धं खाल्लेलं सफरचंद.

"मी आकडे बदलले असते, तर आधी ओळच बदलली असती," त्या म्हणाल्या. "एकोणतीस आठ आणि तीस एक. या दोन माणसांत काय फरक असतो सांगा? एक जण सकाळचा डबा खाऊन आलेला असतो, बस. पण ओळ कुठेतरी आखायला लागते, आणि ती मी आखलेली नाही. मी फक्त तिच्यावर उभी आहे."

"तुम्हाला संशय कधी आला नाही?"

"आला. चार महिने मी कुणालाही 'थोडक्यात हुकलं' असं सांगितलेलं नाही. पूर्वी आठवड्यातून दोनदा सांगावं लागायचं." त्यांनी सफरचंद उचललं आणि परत ठेवलं. "मी कारण शोधलं नाही. ते वाक्य तोंडातून गेलं याचंच बरं वाटत होतं."

औषधकंपनीचा प्रतिनिधी व्हरांड्यात सापडला. चकचकीत बूट, चकचकीत बॅग, चकचकीत हसू.

"मी कशाला कुणाला आत ढकलू, साहेब? माल पुरत नाही आम्हाला. इथे अठरा कमी झाले तर दुसरीकडे ऐंशी वाट बघतायत. आमच्याकडे सध्या गिऱ्हाईक नको म्हणायची वेळ आहे."

यात तथ्य होतं. निरीक्षक बाकावर बसला. शेजारी बेकरीवाला होता. दोन माणसांची जागा व्यापल्याबद्दल तो सारखा माफी मागत होता. भट्टीसमोर वाकता येत नाही, पाव आता पुतण्या काढतो, असं तो सांगत होता.

निरीक्षकानं वहीची नक्कल मांडीवर घेतली. बीएमआयचा रकाना त्यानं शंभरदा पाहिला होता. या वेळी त्यानं तो हातानं झाकला आणि कुणीच न बघितलेला रकाना वाचायला घेतला. वेळ. सव्वानऊ. दहा. पावणेअकरा. साडेबारा. पानंच्या पानं सकाळ.

मधूनच, पाच वाजून दहा मिनिटं. पुढच्या पानावर साडेपाच. पुन्हा चार पानं सकाळ, मग पाच चाळीस.

त्यानं पेन्सिलीनं खुणा करत शेवटच्या पानापर्यंत मजल मारली. चार महिन्यांत संध्याकाळी पाचनंतर मोजलेली माणसं किती? त्यानं खुणा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

अठरा. आणि अठराही तिसाच्या घरात.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या तो अनवाणी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि डोक्यावर पुस्तक धरून पेन्सिलीची रेघ ओढली. आक्का पाहत होती.

"आता कसली उंची वाढतेय तुझी?"

लहानपणी याच तऱ्हेनं ती त्याच्या रेघा ओढायची. तो टाचा उचलायचा आणि ती त्याच्या पायावर पट्टी मारायची. "टाचा टेक, बारक्या. खोटी रेघ काय कामाची?" पितळी वजनांची नोकरी त्यानं का धरली असं कुणी विचारलं असतं, तर त्यानं ही गोष्ट सांगितली असती. पण कुणी विचारलं नव्हतं.

दिवसभर तो बाजारात काटे तपासत उभा होता. संध्याकाळी साडेपाचला घरी येऊन त्यानं त्याच चौकटीवर दुसरी रेघ ओढली. ती पहिल्या रेघेच्या खाली आली. पोलादी पट्टीनं मोजलं तर तेरा मिलिमीटर.

वर फळीवर चहाचा डबा होता. सकाळी आक्काचा हात पोचतो, संध्याकाळी बोटभर कमी पडतो.

माणूस रात्रभर आडवा असतो तेव्हा कण्यातल्या गाद्या फुगतात. दिवसभर उभं राहिलं की त्या दबतात. सकाळचा माणूस उंच, संध्याकाळचा बुटका. वर दोन जेवणं आणि पाण्याचं किलोभर वजन. एकोणतीसमध्ये अडकलेल्याला ओळ पार करायला एवढं पुरतं.

टोकनवाला खिडकी बंद करत होता तेव्हा निरीक्षक तिथे पोचला. वाळका, गळ्याला मफलर, कानावर पेन. निरीक्षकानं काही विचारण्याआधीच त्यानं स्टूल पुढे केलं.

"किती दिवस लागतील याचा मी अंदाज बांधत होतो," तो म्हणाला. "आठ धरले होते. तुम्ही पाचव्या दिवशी आलात."

"साध्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"चिठ्ठ्या रद्दीत जातात. अंतिम माप विभागातलंच धरायचं, असा नियम आहे." त्यानं खण उघडला. टाचणी लावलेल्या अठरा चिठ्ठ्या वर ठेवल्या. "या गेल्या नाहीत."

एकोणतीस सहा. एकोणतीस तीन. एकोणतीस नऊ. सगळ्या सकाळच्या. तळच्या, सगळ्यात जुन्या चिठ्ठीवर आक्काचं नाव होतं.

"का केलंत?"

"आधी तुम्ही सांगा. यातलं एक तरी माप खोटं आहे का?"

निरीक्षकानं चिठ्ठ्या पुन्हा एकदा चाळल्या. "नाही."

"वेळ कुठली असावी, असं नियमात कुठे लिहिलंय?"

"नाही."

"मग मी काय केलं? संध्याकाळची वेळ दिली." टोकनवाल्यानं मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. "गेल्या वर्षी माझ्या बायकोला इथेच आणलं होतं. सकाळी एकोणतीस आठ. मी इथला माणूस, म्हणून हट्ट धरला. सुट्टी झाल्यावर संध्याकाळी पुन्हा उभी केली. तीस दोन! वाटलं, जिंकलो. पण म्हणाले, एका दिवसात दोन मापं धरता येत नाहीत, पहिलं धरायचं. तीन महिन्यांनी या. आता वजन वाढवून या, असं कुणी म्हणालं नाही हो. पण तिनं तेच ऐकलं. तीन महिने खात होती. रडत रडत खायची. मी ताट ओढून घ्यायचो, तर म्हणायची, दोनच दशांश राहिलेत, मध्ये येऊ नका. तीन महिन्यांनी एकतीस भरली. नाव यादीत लागलं. नंबर येण्याआधी एक दिवस जिन्यात दम लागला म्हणून बसली, ती उठलीच नाही. खाण्यानं गेली असं डॉक्टर म्हणत नाहीत. मीही म्हणत नाही."

खिडकीबाहेर झाडूवाली पाणी मारत होती.

"त्यानंतर मी बघायला लागलो," टोकनवाला म्हणाला. "एकोणतीसवाल्यांना परत पाठवलं की ते समोरच्या बाकावर बसायचे आणि बिस्किटांचे पुडे फोडायचे. ओळ गाठायला! वजन कमी करायच्या दारात वजन वाढवत बसायचे, साहेब. मला ते बघवेना."

"आणि तो बेकरीवाला? त्याचा नंबर तुमच्या अठरा माणसांनी मागे ढकलला."

टोकनवाल्याचा चेहरा पहिल्यांदाच पडला. "त्याला मी रोज पाणी नेऊन देतो," तो हळू आवाजात म्हणाला. "दुसरं काय देऊ?"

निरीक्षकानं चिठ्ठ्या हातात घेतल्या, तळची वर घेतली, पुन्हा खाली सरकवली आणि गठ्ठा खणात परत ठेवला. असं त्यानं एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

६

त्यानं अहवाल चार ओळींचा लिहिला. काटा तपासला, अचूक. दांडा तपासला, अचूक. नोंदींची गणितं तपासली, अचूक. उपकरणांत दोष नाही. प्रत्येक शब्द खरा होता, आणि आपल्या खात्याचं काम उपकरणांपुरतंच आहे असं तो वाटभर स्वतःला बजावत होता.

अधीक्षकांनी अहवाल वाचून बाजूला ठेवला. टेबलापाशी सिस्टर उभी होती, हातात वही.

"आभारी आहे. पण कोडं सिस्टरनीच सोडवलं," अधीक्षक म्हणाले. "म्हणजे तुमच्यामुळेच."

"तुम्ही वेळेचा रकाना विचारलात ना," सिस्टर म्हणाली. तिच्या आवाजात बढाई नव्हती, थोडी लाजच होती. "चार महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. मला झोप येईना. म्हणून मी पुन्हा वाचला. माझं माप कुणी वापरून घेतलं असेल, तर ते मला कळायला हवं होतं."

टोकनवाल्याची बदली तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत झाली होती. समितीचा हुकूम निघाला होता. यापुढे माप सकाळी आठलाच घ्यायचं. जुन्या अठरांना फेरतपासणीला बोलवायचं. वजन पहिल्या दिवसाचंच धरायचं, त्यात हात घालायचा नाही. फक्त उंची सकाळी पुन्हा घ्यायची, आणि आकडा तिसाखाली गेला तर इंजेक्शन बंद.

"समितीची एक अट आहे," अधीक्षक म्हणाले. "दांडा सिस्टरनी वाचायचा नाही. कुणाच्याही बाजूचा नसलेला माणूस हवा. तुमचं नाव कळवलंय."

"साहेब, माझी बहीण..."

"तिच्या वेळी बाजूला व्हा हवं तर. मग मी वाचीन. माझी नजर अधू आहे, आणि चुकलं तर चुकलं." त्यांनी खांदे उडवले. ते दुष्ट नव्हते. त्यांनाही बाकावरचा बेकरीवाला रोज दिसत होता.

फेरतपासणीच्या आदल्या संध्याकाळी निरीक्षकानं कागदावर गणित मांडलं. एकाहत्तर किलोला तीस यायला हवे असतील, तर उंची एकशे त्रेपन्न पूर्णांक आठच्या वर जायला नको. चिठ्ठीवर सकाळची आक्का एकशे पंचावन्नची. दीड सेंटिमीटरही नाही, बारा मिलिमीटर. पहाटेपासून चार तास उभी राहिली, डोक्यावर ओझं घेऊन चालली, तर गाद्या दबतील आणि आकडा जमेल. पण चार तास उभी राहू शकणाऱ्या बाईला इंजेक्शन लागलंच नसतं.

"उद्या जरा..." त्यानं सुरुवात केली.

"जरा काय?"

"जरा सैल उभी राहा. ताठ राहायची गरज नाही."

"तू सांगतोस हे?" आक्का हसली. "टाचा उचलायचास तेव्हा पट्ट्या कुणाच्या खाल्ल्यास? अरे, उद्या त्यांना दाखवायचंय मला. डावा गुडघा पुरता सरळ होतो आता. चार महिन्यांपूर्वी होत नव्हता. फेरतपासणी म्हणजे प्रगतीच बघतात ना?"

खरं काय ते सांगायला त्यानं दोनदा तोंड उघडलं. तिनं नवीन धुतलेली साडी काढून खुर्चीवर घडी करून ठेवली होती. त्यानं गणिताचा कागद घडी करून खिशात ठेवला.

सकाळी आठला व्हरांड्यातल्या बाकावरून बेकरीवाला धडपडत उठला आणि त्यानं तिला जागा दिली. "बसा, आक्का. तुमचे पाय."

"तुम्ही बसा हो, मला बरंय आता," ती म्हणाली आणि उभीच राहिली.

आत सिस्टरनं वही उघडली, घड्याळ पाहिलं आणि आधी वेळ लिहिली. आठ वाजून दहा मिनिटं. अधीक्षक खुर्चीतून अर्धवट उठले. निरीक्षकानं त्यांना हातानंच थांबवलं. चूक व्हायचीच असेल, तर ती अधू नजरेची होऊ नये असं त्याला वाटलं. की ती आपल्या हातून व्हावी असं वाटलं, हे त्याला स्वतःलाच ठरवता आलं नाही.

आक्कानं चपला काढल्या, अंबाडा सोडला आणि दांड्याला पाठ लावली. टाचा टेकल्या. मग तिनं डावा गुडघा मागे दाबला, उजवा दाबला, पोट आत घेतलं आणि वर झाली. सिस्टरला हनुवटी धरावी लागली नाही. इतकी सरळ उभी राहिलेली ती त्यानं कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

त्यानं फळी तिच्या डोक्यावर टेकवली आणि आकडा वाचला. एकशे पंचावन्न पूर्णांक दोन. त्याच्या हिशेबापेक्षाही दोन मिलिमीटर जास्त. ते दोन मिलिमीटर इंजेक्शनाचे होते.

खोलीत तिघं जण त्याच्या आकड्याची वाट बघत होते. एकशे त्रेपन्न पूर्णांक आठ. एवढेच शब्द उच्चारायचे होते. दांडा त्याच्या पाठीआड होता आणि कुणालाच दिसत नव्हता.

"झाले ना रे सरळ?" आक्कानं मान न हलवता विचारलं. "खरं सांग. उगाच मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"झालीस," तो म्हणाला.

मग त्यानं सिस्टरला आकडा सांगितला. तिनं तो लिहून घेतला, भागाकार केला, पुन्हा केला, एकोणतीस पूर्णांक पाचच आला, आणि तिनं पेन वहीवर आडवं ठेवलं.

आक्का अजून तशीच उभी होती.

"किती भरली?" तिनं विचारलं. "वाढली ना?"

"वाढली," निरीक्षक म्हणाला, आणि तिच्या डोक्यावरची फळी त्याला वर सरकवता येईना.